आधण ठेवणाऱ्या बाई

"घाबरायचं नंतर. आधी आधण ठेवा."

बाईंचं हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चूल होती, ओलसर का होईना लाकडं होती, पाण्यानं भरलेलं मोठं पातेलं होतं. त्यात टाकायला दाणा मात्र एक नव्हता. पुरातून बाहेर काढलेली तीस-चाळीस माणसं शाळेच्या ओसरीवर उपाशी बसली होती आणि या बाई पदर खोचून चुलीत फुंकर मारत होत्या. मी म्हटलं, "बाई, आधण ठेवून त्यात काय शाळेची घंटा शिजवायची?" धुरानं पाणावलेले डोळे पुसत त्या म्हणाल्या, "दाणे त्याच्याकडे, पाणी माझ्याकडे. पाण्याला तापायला वेळ लागतो, भाऊसाहेब. तो त्याच्या वेळेला देईल आणि तेव्हा आमचं आधणच तयार नसेल, तर काय तोंड दाखवू?"

तुमच्याही पाहण्यात अशी माणसं आली असतील. आपण त्यांना श्रद्धाळू म्हणतो आणि मनातून जरा भोळसट समजतो. बाईंना भोळसट समजण्याची चूक मी साधारण दीड दिवस केली.

तासाभरात गावचा वाणी हात चोळत आला. "बाई, माह्या कोठीतली ज्वारी खालून भिजली. उद्यापावतर आंबून जाते. आत्ताच्या आत्ता शिजवत असान तं घेऊन जा, नाई तं ढोरायले टाकतो."

पोतं आलं तेव्हा पाणी खळखळत होतं. ज्वारीच्या घुगऱ्या झाल्या, मीठ घालून सगळ्यांनी खाल्ल्या, मीही खाल्ल्या. खाता खाता मी म्हटलं, "ही काही देवानं दिली नाही, बाई. पुरानं भिजवली म्हणून वाण्यानं दिली."

"भिजलेलीसुद्धा देता येते, हे वाण्याला सुचवलं कोणी?"

"मग गावही त्यानंच बुडवलं म्हणायचं?"

बाईंचा घास हातातच राहिला. "ते मलाही विचारायचं आहे त्याला," त्या म्हणाल्या. "भेटल्यावर विचारीन. आत्ता त्या कोपऱ्यातल्या म्हातारीला वाढा."

आता हा मी कोण आणि तिथे कसा, ते सांगायला हवं. मी आमच्या कचेरीतला अहलकार, म्हणजे साध्या भाषेत कारकून. निजामाचं राज्य गेलं आणि आम्ही हिंदुस्थानात आलो, तेव्हा मी मिसली उर्दूत लिहीत होतो. मिसल म्हणजे फाइल. मग इंग्रजीत लिहायला लागलो. बोटं वळतात न वळतात तोच राज्यांची पुनर्रचना आली. हैदराबाद राज्याचे तुकडे झाले. किनवट तालुका आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात गेला, आम्ही आंध्र प्रदेशात राहिलो. मी मराठी माणूस अलीकडे का राहिलो, तर माझं टेबल अलीकडे होतं. कागदपत्रांची वाटणी तर अशी झाली, की भावाभावांनी जातं वाटून घ्यावं आणि खालची तळी एकाकडे, वरची दुसऱ्याकडे जावी. तिकडच्या गावांच्या मिसली तिकडे गेल्या आणि त्यांतला जप्तीचा माल इकडेच पडून राहिला. ही गोष्ट पुढे कामाला आली म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

पुढच्या पावसाळ्यात पैनगंगेला पूर आला आणि माझ्या अक्काचं गाव निम्मं पाण्यात गेलं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, कापूस-ज्वारीच्या घरात दिलेली. पाणी उतरलं आणि पटकी, म्हणजे कॉलरा, सुरू झाली. सकाळी बैल सोडणारा माणूस संध्याकाळी ओळखू येत नसे, इतका सुकून जाई. मिशनच्या दवाखान्यानं एक गाडी पाठवली. तीत बाई, दोन तरुण नर्स, औषधांच्या पेट्या आणि सलाईनच्या काचेच्या बाटल्या. सरकारतर्फे नोंदी ठेवायला कोणीतरी हवं होतं. "तुमची बहीण आहे ना तिथे? मग जा तुम्हीच," आमचे साहेब म्हणाले. पटकी अक्कानंच बोलावली असावी, असा त्यांचा सूर होता.

बाई साठीच्या घरात होत्या. ठेंगण्या, सावळ्या, अंगावर पांढरं पातळ आणि पायांत पुरुषांचे बूट. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिथे सुती दोरा बांधून तो कानामागे अडकवलेला. मूळच्या नगरकडच्या. "कोनाच्या वं तुमी?" असं गावातल्या बायांनी विचारलं, की "दुष्काळाच्या" असं उत्तर द्यायच्या. दुष्काळात आईबाप गेले, मिशनच्या आश्रमानं वाढवलं, तिथेच नर्सिंगचं काम शिकल्या. एवढं सांगून त्या विषय मिटवायच्या आणि विचारणारीची जीभ बाहेर काढून तपासायच्या.

पहिल्या दिवशी त्यांनी मला गावातून बारा बाजा गोळा करून आणायला सांगितल्या. रोगी आठ होते. मी म्हटलं, "चार जास्त होतात."

"येतील ते काय उभे राहतील?"

संध्याकाळपर्यंत बारा भरल्या आणि मला आणखी सहा आणायला पाठवलं.

त्यांची प्रार्थना हा माझ्या करमणुकीचा विषय होता. मी मिशनची माणसं पाहिली होती, डोळे मिटून, मान लववून, पाव तास बोलणारी. बाई काम करता करता, डोळे उघडे ठेवून, शेजारच्याला मीठ मागावं तशा मागायच्या. "देवबापा, चुना संपला. आमेन." मी त्यांना म्हटलं, "बाई, तुमची दरखास्त फार तोकडी. वर तारीख नाही, खाली सही नाही. देवाच्या कचेरीत आवक-जावक ठेवत नाहीत वाटतं?"

"तिथे कारकून ठेवत नाहीत," बाई म्हणाल्या. "म्हणून तर कामं होतात."

दोन्ही नर्स तोंडावर पदर धरून हसल्या. मी चार तास बाईंशी बोललो नाही, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

गावाला आधी त्यांचा संशयच आला. पारावर बसून लोकांनी ठरवून टाकलं, की ही बाटवायला आली आहे. त्यात पुढाकार आमच्या अक्काचा. मला खांबाआड ओढून ती म्हणाली, "बापू, तुले सांगून राह्यलो, तिच्या हातचं पानी पेऊ नको. आपल्या घरात असं कोनी केलं नाई." मी हे बाईंना जाऊन सांगितलं, जरा मजेनंच. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी गावातल्या चार बाया बोलावल्या, त्यांत अक्काही, आणि म्हणाल्या, "पाणी तुम्हीच आणा, तुमच्याच भांड्यांत, तुमच्याच हातानं पाजा. माझी अट एकच. उकळल्याशिवाय कोणाच्या ओठाला लावायचं नाही."

अक्काला हुकूम चालवायला मिळाला की तिला दुसरं काही आठवत नाही. दुसऱ्या दिवसापासून ती पळी घेऊन चुलीपाशी उभी. कोणी कच्च्या पाण्याला हात लावला की सात पिढ्यांचा उद्धार. सरपंचालाही तिनं सोडलं नाही.

मरीमायचा गाडा निघाला तो दिवसही आठवतो. पटकी म्हणजे मरीमायचा कोप, तेव्हा तिचा लाकडी गाडा सजवून गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचा, ही तिकडची जुनी रीत. मला वाटलं, आता बाई आणि गावकरी यांची जुंपणार. बाई गाड्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि भगताला म्हणाल्या, "बाबा, तिला रिकामी कशी पाठवता? रोग्यांच्या घाण झालेल्या गोधड्या, चिंध्या, सगळं बरोबर द्या. शिवेबाहेर नेऊन जाळा." भगतानं क्षणभर विचार केला आणि मान डोलावली. त्या दिवशी गावातली निम्मी घाण वाजतगाजत बाहेर गेली. मी बाईंना विचारलं, "तुमच्या धर्मात चालतं हे?" त्या म्हणाल्या, "गोधड्या जाळलेल्या चालतात."

पाचव्या दिवशी सकाळी सलाईनच्या बाटल्या संपल्या. मिशनची दुसरी गाडी निघाल्याचा निरोप होता, पण वाटेतला नाला भरून वाहत होता आणि गाडी पलीकडे अडकली होती. आमच्याकडे उरली एक बाटली. आणि त्याच सकाळी अक्का पडली.

उजाडल्यापासून तिला उलट्या-जुलाब सुरू झाले होते. तिला बाजेवर निजवलं. शेजारच्या बाजेवर शेतातलं तण काढणारी एक निंदणारीण होती. किनवटकडच्या डोंगरातल्या एका गुड्यावरून, म्हणजे गोंडांच्या वस्तीवरून, निंदणाला आलेल्या टोळीतली. पटकी सुरू झाली तशी टोळी पळाली. हिला उठवेना, म्हणून हिला ठेवून गेली. तिचे डोळे खोल गेले होते आणि हातांची कातडी दिवसभर धुणं धुतल्यासारखी सुरकुतली होती. बाईंनी तिची नाडी पाहिली, मग अक्काची पाहिली, आणि शेवटची बाटली निंदणारणीच्या बाजेला टांगली.

मी आडवा आलो. "बाई, ही माझी बहीण आहे."

"माहीत आहे."

"हिनं तुमची चूल सांभाळली!"

"तेही माहीत आहे. अक्का अजून पेज गिळते आहे, भाऊसाहेब. हिला गिळता येत नाही."

"आणि दुपारपर्यंत अक्कालाही गिळता आलं नाही तर?"

बाईंनी सुई घातली, नळी तपासली, थेंब मोजले. "तर दुपारपर्यंत दुसरी बाटली तयार हवी," त्या म्हणाल्या. मग नर्सना हाक मारली. "मुलींनो, रिकाम्या बाटल्या, नळ्या, सुया, सगळं उकळायला टाका."

मला संताप आला. मी ओरडलो, "काय भरणार त्यांत? तुमचा देव?"

"पाणी," बाई म्हणाल्या. "पण साधं उकळलेलं चालत नाही, ते शिरेत जायचं आहे. वाफेचं पाणी हवं. पाणी उकळायचं, वाफ धरायची, थंड करायची आणि थेंब थेंब गोळा करायची. दवाखान्याच्या शुद्ध मिठाच्या पुड्या माझ्याजवळ आहेत. यंत्र तेवढं नाही." आणि माझ्याकडेच बघत त्या म्हणाल्या, "देवबापा, यंत्र दे. आमेन."

मी आणखी काहीतरी वाईट बोलणार होतो. पण वाफ धरायची, थंड करायची, थेंब थेंब गोळा करायची, हे शब्द डोक्यात फिरायला लागले आणि माझं तोंड उघडंच राहिलं.

आमच्या कचेरीच्या मालखान्यात, म्हणजे जप्तीच्या वस्तूंच्या खोलीत, तांब्याची एक अख्खी भट्टी पडून होती. किनवटकडच्या जंगलात मोहाची दारू गाळताना पकडलेली. मोठा हंडा, वर बसणारं झाकण, लांब नळी, सगळं आतून कल्हई केलेलं. पंचनामा माझ्याच हातचा. खटल्याची मिसल वाटणीत मुंबई राज्यात गेली आणि भट्टी इथेच राहिली. त्यांच्या कागदावर ती आंध्रात होती, आमच्या कागदावर ती कुठेच नव्हती. नोकरीच्या उभ्या काळात विनापरवाना टाचणी उचलली नव्हती मी. पण जी वस्तू नाहीच, तिची परवानगी कोणाकडे मागायची?

कचेरी तिथून दीड कोसावर. मी अक्काच्या दिराची बंडी जुंपून निघालो. बैलांना मी त्या दिवशी जे पळवलं, त्याबद्दल त्यांची माफी मागायची राहून गेली.

मालखान्याची किल्ली लिंगन्नाकडे असे. लिंगन्ना आमचा चपराशी, तेलुगू माणूस, मराठी आमच्याहून ठसकेबाज. भट्टी कशाला हवी ते मी त्याला सांगितलं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "साब, असी नुसती नेऊन नाई चालत. सांध्यायले कणीक लावा लागते, नाई तं वाफ निंगून जाते. नळीवर थंडं पानी सोडत राहा लागते. जाळ मंद पायजे."

"तुला कसं ठाऊक?"

"लोकं सांगतेत," लिंगन्ना म्हणाला, आणि न बोलावता बंडीत चढून बसला.

आम्ही शाळेत पोचलो तेव्हा सूर्य डोक्यावरून ढळला होता. शेजारच्या बाजेवरची निंदणारीण नुकतीच गेली होती. बाटली तिच्यावर रिकामी लटकत होती. बाई तिच्या उशाशी बसून तिचे केस विंचरत होत्या. आणि अक्का निपचित पडली होती, पाजलेली पेज तिच्या ओठांच्या कडेनं बाहेर येत होती.

"वाया गेली बाटली," मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो. मी असं बोललो नाही असं लिहायची फार इच्छा आहे, पण बोललो.

बाईंनी तिची वेणी पुरी घातली, तोंडावरून ओला हात फिरवला, चादर ओढली. मग उठून भट्टीपाशी आल्या आणि बाह्या वर सारल्या. "आधी चिंचेनं घासा, मग राखेनं, मग उकळत्या पाण्यानं तीनदा धुवा."

शाळेच्या अंगणात भट्टी लागली. लिंगन्नानं सांध्यांना कणीक लिंपली, नळीवर ओली फडकी गुंडाळली, जाळ कमी-जास्त केला. त्याचे हात असे चालत होते, की आजवर कचेरीत त्यांना नुसतं टपाल वाटायला लावल्याची मला लाज वाटली. मोहाचा वास सुटला. तशी गावातली धडधाकट पुरुषमंडळी एकेक करून कुंपणाशी जमा झाली. एवढी एकाग्र गर्दी मी कोणत्याही कीर्तनाला पाहिलेली नाही.

नळीतून थेंब पडायला लागले. तांब्याभर पाणी जमलं, ते बाईंनी हुंगलं आणि ओतून दिलं.

"बाई!" लिंगन्ना कळवळला. "पैली धार फेकून राह्यल्या?"

"पहिलीच फेकायची. भांड्यातली सगळी घाण तिच्यातच येते."

"अवो, पैल्या धारेसाठी लोकं जीव टाकतेत! उमर गेली माही या..." एवढं बोलून लिंगन्नाला आपण काय बोललो ते कळलं आणि तो जाळाकडे वळला.

"लिंगन्ना," बाई गंभीरपणे म्हणाल्या, "तुमची उमर आज देवाच्या कामी आली. जाळ सांभाळा."

बाईंनी तीनदा पाणी फेकलं. चौथ्यांदा वास उरला नाही. मग मीठ तोलून घातलं, बाटल्या भरल्या, पुन्हा उकळल्या, ओल्या फडक्यांत गार केल्या. प्रत्येक गोष्टीला वेळ लागत होता आणि प्रत्येक वेळी मी बाजेपाशी जाऊन अक्काच्या नाकापुढे हात धरून येत होतो. उन्हं कलली तेव्हा पहिली बाटली तिच्या बाजेला लागली. बाईंनाही खात्री नव्हती, हे मला त्यांच्या हातावरून कळलं. सुई घालण्याआधी त्यांनी शीर तीनदा चाचपली. घातल्यावर त्या तिथेच जमिनीवर बसल्या आणि या वेळी त्यांनी डोळे मिटले.

पहिली बाटली गेली. दुसरी निम्मी गेली तेव्हा अक्काच्या गळ्याशी काहीतरी हललं. तिनं डोळे किलकिले केले, नाक उडवलं, माझ्याकडे बघितलं.

"बापू," ती म्हणाली, "दारू पेऊन आला का रे?"

मी मोठमोठ्यानं रडलो. लिंगन्नाही रडला, त्याचं कारण वेगळं असू शकेल.

भट्टी पुढे दोन दिवस चालली. नाला उतरून गाडी येईपर्यंत शाळेतल्या कोणाचीही बाटली चुकली नाही. "बघा," बाई म्हणाल्या, "मिशनच्या पेटीतूनच द्यायला हवं असं त्याला कुठे बंधन आहे? त्यानं अबकारीच्या गुन्ह्यातून दिलं." मी वाद घातला नाही. भट्टी मालखान्यात परत गेली तेव्हा ती आल्या वेळेपेक्षा जास्त चमकत होती आणि तिच्याबद्दल मला कोणीही, कधीही, काहीही विचारलं नाही.

जाण्याआधी बाईंनी माझ्याकडची मृतांची यादी मागून घेतली. निंदणारणीच्या नावाच्या रकान्यात मी 'नामालूम औरत' लिहिलं होतं. आमचा जुना कचेरीतला शब्द, जिचं नाव माहीत नाही ती. बाईंनी त्यावर बोट ठेवलं.

"माहीत नाही, तर माहीत करून घ्या. तिच्या घरी कोणी वाट बघत असेल, त्यांना कळवायला हवं. आणि त्या घरासाठी मी मागायचं कसं? नाव नको?"

मी होय म्हटलं. पण तिचा गुडा आता परराज्यात होता. चौकशीचं पत्र इथून हैदराबादला जाणार, तिथून मुंबईला, मग फिरत फिरत खाली किनवटला. पायी गेलो असतो तर एका दिवसाची वाट होती. मी पत्रही धाडलं नाही आणि पायीही गेलो नाही. खरं कारण वेगळं होतं. त्या बाजेपाशी मी जे बोललो होतो, ते घेऊन तिच्या दारात उभं राहायचा धीर मला नव्हता.

नव्या राज्यांबरोबर मिशनच्या दवाखान्यांच्याही हद्दी बदलल्या आणि बाईंची नगरकडे बदली झाली. निरोप घ्यायला त्या कचेरीत आल्या. बसमध्ये ट्रंक चढवलेली होती, पाच मिनिटं हातात होती.

"नाव मिळालं का, भाऊसाहेब?"

कारकुनाच्या हाताला रिकामा रकाना सोसत नाही. "मिळालं," मी म्हणालो.

"काय?"

जिभेवर आलं ते माझ्या बहिणीचं. सगळा गाव तिला अक्काच म्हणे, तिचं खरं नाव बाईंच्या कानावर कधी पडलं नव्हतं. "सुंद्राबाई," मी म्हणालो.

बाईंनी छोटी वही काढली, चष्म्याचा दोरा सारखा केला आणि लिहून घेतलं. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "आता रोज मागता येईल." मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. बाई असा हात कधी कोणावर ठेवत नसत. बस गेली आणि मी टेबलापाशी येऊन बसलो, पण त्या दिवशी एक ओळ लिहिली नाही.

सतरा वर्षांनी नगरकडून एक पत्र आलं. म्हाताऱ्या नर्सेसच्या आश्रमातल्या मेट्रनबाईंनी लिहिलं होतं, की बाई गेल्या महिन्यात शांतपणे गेल्या. त्यांच्या वहीत रोजच्या प्रार्थनेची नावं आहेत. पहिल्याच पानावर 'सुंद्राबाईचं घर' असं लिहून पुढे तुमचा पत्ता आहे. शेवटच्या आजारातही हे नाव त्यांनी एक दिवस चुकवलं नाही. त्या घरची खुशाली तुम्हांला ठाऊक असेल तर कळवावी.

पत्र घेऊन मी अक्काकडे गेलो. ती ओट्यावर वाती वळत बसली होती. घर भरलेलं होतं. दोन्ही मुलं कर्ती, विहिरीला पाणी, मुली चांगल्या घरी पडलेल्या, सुनेच्या मांडीवर नातू. मी पत्र वाचून दाखवलं आणि नावाची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. ऐकताना अक्का एकदाही मध्ये बोलली नाही, आणि हे तिला ओळखणाऱ्या कोणालाही खरं वाटणार नाही.

"सतरा वर्सं ते माह्या घरासाठी मागत होती?" ती शेवटी म्हणाली.

"होय."

अक्कानं विहिरीकडे बघितलं, नातवाकडे बघितलं. "म्हंजे तिच्या पोरायच्या वाटचं मीच खाल्लं, बापू."

"असं कसं? देवाला कळलं असेल ना, कोणासाठी ते."

"देवाले कळलं असन," अक्का म्हणाली. "तिच्या पोरायले कळलं का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कानं बंडी जुंपायला लावली, ज्वारीचं एक पोतं आणि नवं लुगडं आत ठेवलं आणि मला पुढे बसवलं. राज्याची शीव ओलांडली तिथे एक पांढरा दगड होता. बैलांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पहिल्या दोन गुड्यांवर कोणाला काही ठाऊक नव्हतं. तिसऱ्यावर एक तिशीची बाई अंगणात धान पाखडत होती. अक्का बंडीतून उतरली. "वं बाई, अठून निंदणाले गेलेली एक बाई परत आली नाई. पुराच्या सालची गोष्ट. तिचं घर ठाऊक हाये का तुले?"

तिचे हात थांबले. "माही माय होती ते."

"नाव काय होतं तिचं?"

"भीमबाई."

अक्का तिच्याजवळ जमिनीवर बसली. टोळीतल्या लोकांनी घरी एवढंच सांगितलं होतं, की ती वाटेत मागे राहिली, येईल. वर्षभर त्यांनी वाट बघितली होती. मुलीनं सूप बाजूला ठेवलं आणि विचारलं, "मायपाशी कोनी होतं का व? का एकटीच गेली?"

"एकटी नाई गेली," अक्का म्हणाली. "मी बाजूच्याच बाजेवर होतो. जीव जायेपावतर एक बाई तिचा हात धरून होती. होती ते एकच बाटली होती दवाईची, तेबी तिलेच देल्ली. मंग केस इंचरले तिचे. वेणी घातली."

मुलगी खूप रडली. अक्काही रडली. मी बैलांपाशी उभा होतो, तिथेच राहिलो. थोड्या वेळानं मुलीनं पदरानं तोंड पुसलं.

"त्या बाईचं नाव काय होतं?" तिनं विचारलं.

अक्कानं माझ्याकडे बघितलं. मी पुढे झालो, तिच्यासमोर खाली बसलो आणि बाईंचं नाव सांगितलं. पूर्ण सांगितलं, आणि खरं.